घट्ट पण आणि ढिला पण: देवगडातल्या एका सायकलच्या हेडसेटचं प्रकरण

गणपती गेले आणि पाऊस जरा उघडला तसा माझा भाचा सायकल घेऊन दारात उभा. म्हणाला, मामा, पुढचा ब्रेक दाबला की हँडलमधून टक् असा आवाज येतो, आणि हँडल वळवायला पण जड लागतंय, दोन्ही एकदम कसं काय होतंय? दिवाळीच्या सुट्टीत त्याला मित्रांबरोबर समुद्राकडच्या रस्त्याने मालवणला जायचं होतं, म्हणजे कुणकेश्वर, मिठबाव, आचरा असं करत, त्यामुळे घाई होती. हे प्रकरण सुटायला आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि त्यातला निम्मा वेळ मी चुकीच्या जागी शोधत होतो. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय, किनाऱ्याला सायकल चालवणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल.

आधी सायकल कुठली ते सांगतो. गिअरवाली साधी हायब्रिड, अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, स्टीलचा, सस्पेन्शन नाही, डिस्क ब्रेक. हेडसेट, म्हणजे फोर्कची नळी फ्रेममध्ये ज्यावर फिरते ती वरची-खालची बेअरिंग आणि ती बसतात ते कप, थ्रेडलेस, म्हणजे बिनआट्यांचा, साधा एक पूर्णांक एक अष्टमांश इंची, म्हणजे फोर्कची नळी बाहेरून २८.६ मिमी. कप फ्रेमच्या बाहेर दिसणारे, ३४ मिमीच्या भोकात दाबून बसवलेले, ज्याला पार्ट घेताना ईसी३४ म्हणतात. चार पावसाळे या सायकलने बघितले होते, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे धो धो, त्यात वारा खारा. पुढच्या चाकाला मडगार्ड नव्हतं, त्यामुळे चाकाने उडवलेलं सगळं पाणी थेट खालच्या बेअरिंगवर. वरचं बेअरिंग त्या मानाने सुखात असतं, मरतं नेहमी खालचं. इथेही तेच झालेलं, खालच्या बेअरिंगमधून ग्रीसच्या जागी चहासारखं तांबडं पाणी निघालं असं भाचा म्हणाला.

म्हणून त्याने ऑनलाईन नवा सीलबंद बेअरिंगवाला हेडसेट मागवला आणि व्हिडिओ बघून घरीच बसवला. हे त्याने मन लावून केलं होतं हे मला आधीच सांगायचंय. जुने कप मागून रॉड घालून ठोकून काढले, नवे कप मात्र ठोकले नाहीत, हार्डवेअरच्या दुकानातून जाड आट्याचा रॉड आणि मोठे वायसर आणून नट आवळत एकेक कप सरळ ओढून बसवला. कपाची कडा आणि फ्रेम यांच्यात कुठेही फट नव्हती. एवढं चांगलं काम अनेक दुकानांतही होत नाही. फक्त एक पार्ट त्याने स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने बसवला होता, पण ते मला त्या दिवशी कळलं नाही, मी विचारलंच नाही.

पहिल्या दिवशी आम्ही आवाज नक्की कुठून येतोय ते बघितलं, कारण पुढून टक् आला की हेडसेटच ढिला असं नसतं. डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये थोडे हलतात, त्याचाही असाच टक् येतो. हबचं, म्हणजे चाकाच्या मधलं, बेअरिंग ढिलं असलं तरी येतो. एक सोपी टेस्ट आहे, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं कप आणि फोर्क यांच्या मधल्या रेषेवर ठेवायची, बोटाला हालचाल जाणवली तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, हेडसेटमध्येच आहे. मग चाक नव्वद अंशात आडवं वळवून परत तसंच करायचं, पॅडचा आवाज असेल तर तो अशा वेळी गायब होतो. आमच्याकडे दोन्ही वेळा बोटाला स्पष्ट लागत होतं, खालच्या बाजूला जास्त.

आता भाच्याने टॉप कॅपचा, म्हणजे फोर्कच्या नळीच्या टोकावरच्या झाकणाचा, बोल्ट अगदी करकचून आवळला होता, इतका की प्लास्टिकच्या कॅपला बारीक चीर पडली होती, तरी खेळ होताच. इथे माझं लक्ष गेलं. थ्रेडलेस हेडसेटमध्ये टॉप कॅपचं काम फक्त एवढंच की स्टेमला, म्हणजे हँडल नळीला जोडणाऱ्या तुकड्याला, खाली दाबायचं, स्टेम त्याच्या खालच्या स्पेसरला, म्हणजे रिंगला, दाबतो, स्पेसर बेअरिंगला, आणि अशाने मधला खेळ निघतो. हे व्हायला फोर्कची नळी स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा २-३ मिमी खाली असायला लागते. कॅप काढून बघितली तर नळी स्टेमच्या २ मिमी वर आलेली. म्हणजे कॅप स्टेमवर टेकतच नव्हती, नळीच्या टोकावर टेकत होती, बोल्ट कितीही आवळा, ताकद सगळी नळीत जात होती, बेअरिंगला काहीच नाही.

पण जुन्या हेडसेटवर तर हीच नळी बरोबर होती ना, असं भाचा म्हणाला, आणि प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की हेडसेटची उंची प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. फ्रेममध्ये दाबलेला भाग प्रमाणात असला म्हणून फ्रेमबाहेर राहणारा भाग पण तेवढाच असेल असं नाही. आम्ही जुना आणि नवा सेट टेबलावर शेजारी ठेवून मोजला, नवा वरचा खालचा मिळून ५ मिमीने बुटका निघाला. आधी नळी ३ मिमी आत होती, आता २ मिमी बाहेर. हिशोब तिथेच लागला. ५ मिमीचा एक स्पेसर स्टेमखाली टाकला की परत ३ मिमी आत. स्टार नट, म्हणजे नळीच्या आत बसवलेला दातेरी नट ज्यात कॅपचा बोल्ट आवळतो, तो पण ओढाताणीत वर सरकला होता, तो लांब बोल्ट लावून हळूहळू ठोकत परत टोकापासून १५ मिमी खाली नेला, स्टार नट खाली ढकलता येतो, वर ओढून काढायला मात्र तो बनवलेलाच नाही.

स्पेसर आला, लावला, स्टेमचे बोल्ट ढिले ठेवून कॅपने खेळ काढला, स्टेम सरळ केला, मग स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन मीटरला आवळले. हा क्रम उलटा केला तर काहीच होत नाही, स्टेम घट्ट असताना कॅप आवळून लोक तासन्तास बसतात. खेळ गेला. मला वाटलं संपलं.

हँडल मात्र अजून मनासारखं फिरत नव्हतं. सरळ असताना थोडं जड, डावीकडे वळवलं की मोकळं. भाचा म्हणाला नवं आहे, बसेल. मीही मान डोलावली, आणि आज मला वाटतं तिथेच थांबून नीट बघायला पाहिजे होतं. नवं बेअरिंग एका कोनात जड आणि दुसऱ्या कोनात मोकळं असू शकत नाही. जास्त आवळलं असेल तर ते सगळीकडे सारखंच जड लागतं.

दुसऱ्या दिवशी तो तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वरला जाऊन आला आणि संध्याकाळी फोन, मामा परत टकटक. मी जाऊन बघितलं, खरंच खेळ आलेला. कॅप पाव फेरा आवळली, गेला. तीन दिवसांनी परत. पुन्हा पाव फेरा. मग आठवड्याने परत. माझा पहिला संशय स्टार नट सरकतोय यावर गेला, आणि त्यात दोन रविवार गेले. नटची खोली आधी मोजून ठेवली, राईडनंतर परत मोजली, एक केसभरही हलला नव्हता. शिवाय नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की स्टेमचे बोल्ट एकदा आवळले की प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा दाब, स्टेमच धरून ठेवतो, स्टार नट आणि कॅप नंतर काढून टाकली तरी फरक पडत नाही. म्हणजे तो संशय मुळातच चुकीचा होता. मग स्टेम घसरतोय का बघायला स्टेमच्या कडेला नळीवर पेनाने रेघ मारली. रेघ जिथल्या तिथे.

वरून काही सरकत नाहीये, आणि तरी मधली उंची कमी होतेय. मग जे सरकतंय ते खालीच असणार. हा विचार मला सुचायला तीन राईड लागल्या, पण एकदा सुचल्यावर सगळं तिकडेच बोट दाखवायला लागलं.

सगळं उघडलं. आधी बेअरिंग उलटी बसलीत का ते बघितलं, कारण ही चूक फार कॉमन आहे. अशा बेअरिंगच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, आतली एक, बाहेरची एक, आणि कडेवर ३६×४५ असे अंश लिहिलेले असतात. खालच्या बेअरिंगची बाहेरची तिरकी कड वर कपात जाते आणि आतली तिरकी कड खाली फोर्ककडे, वरच्याचं बरोबर उलट. आमचं दोन्ही बरोबर होतं. वरची फटीची रिंग, जी नळीला घट्ट धरून बेअरिंगमध्ये पाचरीसारखी बसते, ती पण जागेवर होती, ती विसरली तर वरचा भाग कधीच स्थिर होत नाही. कपाच्या कडा परत तपासल्या. मग उरली क्राउन रेस, म्हणजे फोर्कच्या खांद्यावर दाबून बसवलेली स्टीलची तिरकी रिंग, जिच्यावर खालचं बेअरिंग बसतं.

डोळ्याला ती नीट दिसत होती. मी दाढीचं पातं आणलं. पातं साधारण एक दशांश मिमी जाडीचं असतं, रेस पूर्ण टेकलेली असेल तर ते रेस आणि फोर्कच्या मध्ये जायलाच नको. पुढच्या बाजूला गेलं नाही. मागच्या बाजूला सहज आत गेलं, आणि पलीकडून टॉर्च धरला तर एक बारीक उजेडाची चंद्रकोर दिसली. भाचा गप्प बसला. मग म्हणाला, मामा हीच एक मी स्क्रूड्रायव्हरने गोल फिरून ठोकली होती.

त्या चंद्रकोरीत सगळ्याचं उत्तर होतं. रेस वाकडी बसली म्हणून बेअरिंग तिरकं, म्हणून हँडल एका कोनात अडकतं आणि दुसऱ्या कोनात मोकळं. आणि मागून अर्धवट वर राहिली म्हणून आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात ती जराशी खाली सरकते, जेवढी सरकेल तेवढा खेळ, मी वरून पाव फेरा आवळून तो भरून काढतोय, ती परत सरकतेय. घट्ट आणि ढिलं एकाच वेळी असण्याचा अर्थ मला तिथे समजला. अॅडजस्टमेंट चुकली असेल तर हेडसेट एकतर घट्ट असतो नाहीतर ढिला. दोन्ही एकदम असेल तर काहीतरी वाकडं किंवा अर्धवट बसलंय, आणि ते कॅप फिरवून कधीच सुटणार नाही.

पण ती पूर्ण का बसली नाही, फक्त स्क्रूड्रायव्हरमुळे? बंदरावर बोटींचे शाफ्ट करणारा एक लेथवाला ओळखीचा आहे, त्याच्याकडून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर आणला. रेस दोन बाजूंनी पाचर देऊन हळूहळू वर काढली. खालची जागा बघितली तर तळाला, जिथे नळी आणि खांदा मिळतो त्या कोपऱ्यात, तांबड्या गंजाचा एक जाड वळसा आणि त्यात कंपनीच्या रंगाचा ओघळ. ही जागा ३० मिमीची असायला पाहिजे, वरच्या बाजूला होती पण, तळाला मात्र ३०.३ लागत होती. रेसचं भोक २९.९. इथे दीड दशांश मिमीच्या फरकाचा ताण पुरतो, चार दशांश म्हणजे रेस वाटेतच अडकणार, आणि एका बाजूने ठोकलं की त्या बाजूने जाणार, दुसरीने नाही. जुन्या रेसखाली चार वर्षं खारं पाणी साठून तो गंज धरलेला. नवा पार्ट बसवताना सगळे नव्या पार्टकडे बघतात, जिथे तो बसणार ती जागा कोणी पुसत नाही.

आता सरळ बसवायची कशी हा प्रश्न. त्यासाठी लागणारी लांब नळीची हत्यारं असतात, आमच्या इथे कोणाकडे नाहीत, कोल्हापूरला मिळाली असती. त्याआधी बाजारातल्या जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांचं सगळं आयुष्य काळ्या उभ्या सायकलींवर गेलंय, तिथे हेडसेट आट्यांचा असतो, एक इंची नळीला वरून दोन नट आणि आत सुटे छर्रे. हा बिनआट्यांचा प्रकार दिया कॉम्पे कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणला आणि आपल्याकडे तो बराच नंतर आला, त्यामुळे काका म्हणतात मी ह्यात पडत नाही. पण खालची रेस दोन्हीकडे सारखीच बसते. त्यांनी फोर्क हातात घेतला, रेसवरचे स्क्रूड्रायव्हरचे वण अंगठ्याने चाचपले आणि विचारलं, "कोणी रे ठोकल्यान ही?"

भाच्याने हात वर केला. काका रागावले नाहीत. आधी त्यांनी एक गोष्ट विचारली जी मला आवडली, रेस ह्याच फोर्कच्या मापाची आहे ना. जुन्या एक इंची सायकलींत ही जागा कोणाची २६.४ मिमी असते आणि कोणाची २७, दिसायला एकच, आणि २६.४ ची रेस २७ वर ठोकून फुटलेल्या त्यांनी बघितल्यात. आम्ही व्हर्निअरचे आकडे सांगितले तेव्हा मान हलवली.

मग पॉलिश पेपरने तळाचा कोपरा साफ केला, फक्त गंज आणि रंग, धातू नाही, मध्ये मध्ये मोजत. ३०.०५ ला थांबलो. नवी रेस वणांमुळे खराब झाली होती का ते नखाने बघितलं, वण कडेला होते, बेअरिंग टेकतं ती तिरकी बाजू साफ होती, म्हणून तीच वापरली. तिथे वण असता तर दुसरी मागवली असती. ठोकायला सव्वा इंची जीआय पाईपचा तुकडा घेतला, पण तो थेट ठेवला तर त्याचं भोक मोठं, तो त्या तिरक्या बाजूवरच बसतो आणि ती खराब होते. म्हणून गंजलेली जुनी रेस ग्राइंडरने एका जागी चिरली म्हणजे ती कुठे अडकणार नाही, ती नव्या रेसवर उलटी ठेवली, अरुंद कड अरुंद कडेवर, आणि तिच्या सपाट पाठीवर पाईप. आता घाव चारी बाजूंनी सारखा जाणार.

फोर्कचे पाय लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून भाच्याने धरला. मी टॉर्च घेऊन वाकून रेसकडे बघायला लागलो तर काकांनी मला बाजूला केलं.

"ठोकताना डोळो नको, कान व्हयो."

आणि हे मी आयुष्यात विसरणार नाही. पहिले चार-पाच घाव ढब ढब असे मेलेले आवाज, प्रत्येक घावाला रेस खाली जातेय. मग आवाज बदलत गेला, जरा कडक झाला, आणि एका घावाला एकदम टण् असा स्वच्छ आवाज आला, जसा ऐरणीवर येतो. काकांनी अजून एक घाव घातला, परत तोच टण्. हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "बसली. आता सोड." रेस जोपर्यंत सरकतेय तोपर्यंत घावाची ताकद सरकण्यात खर्च होते, टेकली की पूर्ण फोर्क वाजतो. दाढीचं पातं फिरवून बघितलं, कुठेच जाईना. टॉर्चचा उजेड पण नाही.

घरी येऊन जोडताना कपात, रेसवर, बेअरिंगच्या सगळ्या बाजूंना ग्रीस भरलं. साधं नाही, ट्रॉलरचं इंजिन बघणाऱ्यांकडे पाण्यात न धुपणारं ग्रीस असतं ते वापरलं, आपल्या हवेला तेच बरं. लोकांना वाटतं सीलबंद बेअरिंगला बाहेरून ग्रीस कशाला, पण सील बेअरिंगच्या आतलं वाचवतं, बेअरिंगच्या बाहेरचं स्टील आणि अॅल्युमिनियमचा कप यांच्या मध्ये खारं पाणी शिरलं की ते दोघं एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या वेळी कपातून बेअरिंग निघतच नाही. आणि पुढे मडगार्ड लावलं. ते आधी लावलं असतं तर खालचं बेअरिंग एवढ्या लवकर गेलं नसतं.

हँडल डावीकडून उजवीकडे सगळीकडे सारखं फिरलं. पुढचं चाक उचलून हँडल जरा बाजूला ढकललं तर ते स्वतःच्या वजनाने आपोआप पडलं. ह्यावेळी मी नवं आहे बसेल असं म्हणालो नाही, तो मालवणहून परत येईपर्यंत काहीच म्हणालो नाही. नळीवर पेनाची रेघ मारून ठेवली, कॅपच्या बोल्टच्या डोक्यावर पण एक ठिपका दिला.

येऊन जाऊन शंभरएक किलोमीटर झाले, त्यात आचऱ्याच्या अलीकडे काही ठिकाणी रस्ता पार उखडलेला. परत आल्यावर ब्रेक दाबून सायकल हलवली, बोटाला काही लागलं नाही, ठिपका जागेवर. पुढचे दोन महिने दर रविवारी बघितलं, बोल्टला हात लावायची वेळ आली नाही.

चिरलेली जुनी रेस भाच्याने काकांना देऊन टाकली. त्यांनी ती दुकानात हातोडीच्या शेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलीय, आणि परवा तिथे अजून एक गिअरवाली सायकल उलटी करून ठेवलेली दिसली.